पुलावरून दिसलेल्या बायका

आत्याच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून आमचं कधी अडलंही नाही. बेगडेवाडीचं स्टेशन आमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळची पुण्याकडची लोकल भोंगा देत गेली की आत्या भाकरीला बसायची, लोणावळ्याकडची आली की डबा भरायची, आणि मालगाडी धडधडत निघाली की फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागायचे. मग आत्या म्हणायची, "संगे, पेलं सरकीव जरा." मी सरकवायची. पुढच्या मालगाडीला ते पुन्हा वाजायचे, ती पुन्हा सांगायची. आज इतकी वर्षं झाली, पण माझ्या पुण्यातल्या घरात मी अजूनही पेले फळीवर लांब लांब ठेवते. इथे रेल्वे नाही, वाजवणारं कुणी नाही, तरी ठेवते. माणसाला कसली सवय लागेल सांगता येत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, मी लहान असतानाच गेले. मूलबाळ नव्हतं. ती सुदुंबऱ्याच्या बाजूच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, पाळ्यांची नोकरी. आमचं गाव आंदर मावळात, डोंगराला चिकटून. तिथे दहावीपर्यंतची शाळासुद्धा दोन टेकड्या चढून उतरून, आणि एसटी यायची तेव्हा यायची. पुढे शिकायचं तर आत्याकडे राहा, असं दादांनी ठरवलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. एक बॅग, इंद्रायणी तांदळाचं पोतं आणि मी, एवढा ऐवज आत्याच्या दारात उतरवून ते दुपारच्या गाडीने परत गेले. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा पोत्याचं स्वागत जास्त झालं. आत्याने त्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी धरला आणि म्हणाली, "आपल्या खाचराचा वास येतोय बग." मग तिने भात टाकला, सुकटीची चटणी केली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता जेवलो. तिला पोरांची सवय नव्हती आणि मला शांत घराची.

कॉलेज तळेगावला होतं. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मी कुटं बसू" असं विचारलं, आणि झालं. त्या मुली वाईट नव्हत्या. त्यांनी फक्त तो शब्द माझ्यासारखाच म्हणून दाखवला, हसल्या, आणि पुढे वर्षभर माझं नावच 'कुटं' पडलं. "ए कुटं, वही दे ना." मी वही द्यायची, बोलायची नाही. घरी यायची तर आत्या दुसऱ्या पाळीला गेलेली. तिचा डबा ठेवायचा, आपलं ताट वाढून घ्यायचं, शेजारच्या शांताबाईच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या. भिंतीपलीकडे पाच माणसांचं घर. हसायची, भांडायची, कुणीतरी कुणाला तरी जेवायला उठवायचं. मला फार एकटं वाटायचं. ते दुसऱ्या कुठल्या चांगल्या शब्दात सांगायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून सरळच लिहिते. आईची आठवण यायची, गोठ्याचा वास आठवायचा, आणि रडायला लागलं की भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून मी तोंडात पदर, म्हणजे ओढणी, कोंबायची.

अशात तो टॅब आला. कंपनीत कसला तरी सुरक्षा सप्ताह झाला, त्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि आत्याच्या नावाची चिठ्ठी निघाली. ती घरी आली तेव्हा तो खोका तिने काखेत असा धरला होता की कुणीतरी तान्हं मूल सांभाळायला दिलंय. "पाटी हाय वाटतं," ती म्हणाली. "पेन बी हाय संगं." दोन दिवस तो खोका तिने शालीत गुंडाळून कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी कंटाळून माझ्या मांडीवर ठेवला. "मला काय करायचंय ह्याचं. तू घे. अब्यासाला व्हईल." अभ्यासाला काही झाला नाही तो. त्यात चित्रं काढायचं एक अ‍ॅप आधीपासून होतं. मी ते सहज उघडलं, पांढरं पान आलं, आणि त्यावर मी पेनाने एक रेघ ओढली. चित्रकलेत मला शाळेत कधी कौतुकाचा शब्द मिळाला नव्हता. आमच्या शाळेत चित्रकलेचे सरच नव्हते. पण ती रेघ मला पुसता आली, कागद न खरवडता, डाग न ठेवता. दोन बोटं टेकली की गेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. त्या संध्याकाळी मी नुसत्या रेघा काढत आणि घालवत बसले. काहीतरी चुकलं आणि कुणी हसलं नाही, याचंच मला अप्रूप वाटलं असावं.

शिकवणारं कुणी नव्हतं. हिंदीत शिकवणारे व्हिडिओ होते, पण आमच्या खोलीत नेटवर्क यायचं नाही. ते यायचं स्टेशनच्या पुलावर, मधोमध, जिथून एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला आमची वस्ती दिसायची. मग मी पुलावर जाऊन कठड्याला टेकून व्हिडिओ बघायची आणि जे कळलं ते विसरायच्या आत खोलीत पळत यायची. पाऊण वाटेतच निम्मं विसरायची. पहिला आंबा काढला तो बटाटा झाला. शांताबाईची शेळी काढली, ती बघून शांताबाई म्हणाल्या, "बाई गं, हिला काय झालंय?" सगळ्यात मोठा ताप म्हणजे हाताचा तळवा. पेन टेकवताना तळवा काचेला लागला की चित्रात भलतीकडेच रेघ उमटायची. आत्याने दोन-तीन दिवस माझी चिडचिड बघितली आणि कंपनीतला जुना सुती हातमोजा आणून पुढे टाकला. त्याच्या तळव्यावर निळे रबरी ठिपके होते. मी मोज्याची तीन बोटं कापली आणि तो उलटा करून घातला, म्हणजे ठिपके आत. हात काचेवरून सरसर सरकायला लागला. "कंपनीत हात कापू नाई म्हनून देत्यात," आत्या म्हणाली, "आन तू चित्तर काढायला घालती." पण मी बघत होते, तिला गंमत वाटत होती. आता माझ्याकडे चित्रकारांसाठी मुद्दाम बनवलेले मोजे आहेत, महागातले. त्यांना त्या मोज्याची सर नाही.

मग लेयर समजले, आणि माझं चित्रकाराचं आयुष्य तिथे सुरू झालं असं मी मानते. लेयर म्हणजे काचेवर काच. खालच्या काचेवर घर काढा, वरच्या काचेवर झाड. झाड पुसलं तरी घराला धक्का नाही. प्रत्येक काचेपुढे एक छोटा डोळा असायचा, तो मिटला की त्या काचेवरचं सगळं गायब, उघडला की परत हजर. व्हिडिओतल्या माणसाने हे कामाचं म्हणून सांगितलं होतं. मला ते कामापेक्षा जास्त काहीतरी वाटलं. माणसं एकमेकांवर असतात, तरी कुणी कुणाला पुसत नाही.

आमच्या वस्तीत दर साली जयंतीला गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागायचा. वर मधोमध महामानवांचा फोटो, आणि खाली ओळींनी वस्तीतल्या माणसांचे फोटो, घरटी एक. माणसांचे म्हणजे गड्यांचे. वर्गणी आत्याही द्यायची, विहाराची झाडलोट करायची, खिरीला दूध आटवत उभी राहायची ती हीच, पण तिच्या घरात गडी नव्हता, तेव्हा फ्लेक्सवर तिच्या घराचं कुणी नसायचं. मी तिथे गेले त्याआधीची जयंती नुकतीच झाली होती आणि तो फ्लेक्स अजून लागलेला होता. पहिल्याच आठवड्यात तिने मला एकेक तोंड दाखवून सांगितलं होतं, हा शांताचा मालक, हा संपत, हा त्याचा भाऊ. सगळं सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, "आपल्या घराचं कुणी न्हाई ह्यात." तक्रार नव्हती त्यात, भाजीत मीठ नाही म्हणावं तसं म्हणाली. मला मात्र ते लागून राहिलं. 'आपल्या घराचं' म्हणताना ती मला धरून बोलली की नाही, हा विचार मी बरेच दिवस करत होते.

संपतभाऊ मंडळाचे अध्यक्ष, रेल्वेत कामाला. येता-जाता मला पुलावर बघायचे. एक दिवस थांबले, टॅबमध्ये डोकावले. तोवर माझी शेळी शेळीसारखी दिसायला लागली होती. "फ्लेक्सचं डिझाइन जमंल का गं तुला?" त्यांनी विचारलं. "दुकानवाला दरसाल त्येच निळं ढग लावून देतो." मी महिनोन्महिने कुणाशी धड बोलले नव्हते, आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "बायका घेऊ या की भाऊ ह्या वर्षी." ते चपापले. मग म्हणाले, "मागं इचारलं हुतं. बाया फोटू देत न्हाईत." ते खरं होतं. कारणही माझ्या डोळ्यांपुढचं होतं. फ्लेक्स उतरला की वाया जात नसे. कुणी सरपणावर घाली, कुणी न्हाणीच्या छपरावर. शांताबाईच्या दिराचं हसरं तोंड दोन पावसाळे संडासाच्या दारावर ठोकलेलं होतं. कुठल्या बाईला आपला फोटो असा हवा असेल. मी म्हटलं, "फोटो नको. मी चित्र काढते." संपतभाऊंनी वस्तीत विचारलं तर शांताबाईंनी निकाल दिला: "चित्तर चालंल. चित्तर म्हंजे काय मी न्हाई." काही गडी कुरकुरले. संपतभाऊ म्हणाले, "आपन दरसाल हायेच की रं. ह्या साली बायकांना बगू."

आणि मग मी दारोदार गेले. बेगडेवाडीला आल्यापासून पहिल्यांदा लोकांच्या घरात शिरले. ओट्याशी, उंबऱ्यावर, धुण्याच्या दगडापाशी बसून बायकांची तोंडं काढली. सुरुवातीला सगळ्या एकाच लेयरवर काढत होते. तर एकीचं नाक मोठं झालं म्हणून खोडायला गेले आणि शेजारणीचा कान गेला. ती शेजारीण तिथेच बसली होती. "आमचं काय चुकलं गं?" म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक बाईला तिचा स्वतःचा लेयर. त्यासाठी मला कॅनव्हास लहान करावा लागला, कारण त्या स्वस्तातल्या टॅबवर मोठं पान घेतलं की अ‍ॅप मोजकेच लेयर द्यायचं आणि पुढे नाही म्हणायचं. पान जितकं लहान, तितके लेयर जास्त. मी पान लहान करत गेले, करत गेले, सगळ्या मावेपर्यंत. जवळ नेऊन बघितलं की कडा पायऱ्यांसारख्या दिसायच्या. मला वाटलं, काच स्वस्तातली आहे म्हणून तसं दिसत असेल.

बायकांना तो डोळ्याचा खेळ फार आवडला. "घालव मला," शांताबाई म्हणायच्या. मी डोळा मिटायची. "आता आन." मी आणायची. त्या आपल्या नव्याने जन्मल्यासारख्या खूष. दोन जावा होत्या, एकमेकींशी बोलत नसत. दोघींनी वेगवेगळं येऊन मला एकच सांगितलं: "मला तिच्या शेजारी लावू नगंस." सखूबाईंना दात नव्हते, त्यांनी तोंड गच्च मिटलं आणि मग काहीतरी आठवून हसल्या, ते हसू मी पकडलं. मला चहा मिळाला, हुलग्याचं माडगं मिळालं, घरोघरची हकीकत कळली. पण गंमत अशी की मी चित्र काढत होते, म्हणून त्या बोलत होत्या. तोंड काढून झालं की त्या उठून कामाला लागायच्या आणि मी पुढच्या दाराला जायची. 'पुन्हा ये' असं कुणी म्हटलं नाही. त्यांना वाटलं असेल, येईलच. मला वाटलं, काम संपलं.

आत्या मात्र बसेना. "माझं काय काढायचं, वाळल्यालं त्वांड." अखेर एका दुपारी पाळीवरून आली, भिंतीला टेकली, म्हणाली, "काढ काय काढायचं ते, पन मला हलायला लावू नगंस." मी मोजा घालून पेन घेईपर्यंत तिला झोप लागली. मान डाव्या खांद्याकडे कलली. उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी तशीच काढली, कललेल्या मानेची, आणि डोळे मात्र उघडे काढले, मनाने. ते डोळे काढताना माझ्या लक्षात आलं की मी त्या डोळ्यांत नीट कधी बघितलंच नव्हतं. तरी आले. तिची दुसरी पाळी असली की मी संध्याकाळी टॅब उघडायची, बाकी सगळ्या बायका मिटायची आणि एकटी आत्या पुढे ठेवून जेवायची. कधी सगळ्याच उघडायची, आणि ती खोली भरून जायची. वेडेपणाच होता. पण त्या दिवसांत मला रडू येत नव्हतं, हेही खरं.

फ्लेक्स जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी लागला. मी घाईघाईने केस विंचरून गेले तर गल्लीच्या तोंडाशी गर्दी आणि विचित्र शांतता. आमची गल्ली अरुंद, समोर रेल्वेची भिंत, त्यामुळे फ्लेक्सच्या अगदी खाली उभं राहूनच बघावं लागायचं. वरचा महामानवांचा फोटो दुकानदाराने त्याच्या संगणकातून लावलेला, लख्ख. आणि खाली माझ्या बायकांच्या जागी नुसते चौकोन. नखाएवढे, तपकिरी, काळे, निळे चौकोन, ओळीने चिकटवलेले. नाक नाही, डोळा नाही. आज एखाद्या शिकाऊ मुलीला मी पहिल्या दिवशी सांगते की पान छपाईच्या मापाचं घे, लहान पान ताणलं की त्याचे ठिपके ताणतात. मला ते सांगायला कुणी नव्हतं.

"गोधडी शिवलीस का गं पोरी?" शांताबाई म्हणाल्या. त्या चिडून नव्हत्या म्हणाल्या, पण सगळ्या हसल्या. "ह्यातली मी कंची?" "तू ती काळी चौकट." "आन मी?" "तू त्ये निळं ठिगळ." कुणीतरी गडी मागून म्हणाला, "फोटू टाकलं असतं तर ही येळ आली नसती." संपतभाऊ माझ्याजवळ आले, हळू आवाजात बोलले. "राहू दे. मनाला लावून घेऊ नगं. मागल्या सालचा फ्लेक्स चांगला हाय, दुपारी त्यो लावतो." म्हणजे पुन्हा गडी. मी आत्याकडे बघितलं. ती फ्लेक्सखाली उभी होती, वर मान करून, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत होती. शोधत होती. तिला ती सापडली नाही. ती माझ्याकडे न बघता घरी गेली. हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही, त्याची मला सवय होती. आत्या शोधत होती, ते मला सहन झालं नाही.

मी दुपारी बॅग भरली. आत्या नळावर गेली होती. टॅब तिच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवला, मोजा त्याच्यावर. कामशेतपर्यंतचं तिकीट काढलं, तिथून एसटी मिळेल तेव्हा मिळेल. लोणावळ्याकडची गाडी पलीकडच्या फलाटावर यायची, म्हणून पूल चढले. मधोमध गेल्यावर पाय आपोआप थांबले, रोजच्या जागी. एकदा शेवटचं बघावं म्हणून मी वस्तीकडे वळले.

गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. ओळीने. शांताबाई, त्यांचं ते नाक. सखूबाई दात नसताना हसत होत्या. दोघी जावा, मी दोन टोकांना लावलेल्या, दोघीही सारख्याच फुरंगटलेल्या. लांबून ते चौकोन एकमेकांत मिसळून गेले होते आणि त्यातून तोंडं वर आली होती, मी काढली होती त्याहूनही खरी. मी कठडा घट्ट धरला. खाली संपतभाऊंनी शिडी आणली होती आणि एक जण जुन्या फ्लेक्सची गुंडाळी घेऊन उभा होता. मला ओरडायला हवं होतं. आवाज फुटेना. मी तो इतके महिने वापरलाच नव्हता.

"बॅग कशापायी भरली?" मागून आत्या. धापा टाकत होती, चपला हातात. "रिकामा खिळा दिसला बॅगेचा. कुटं निगाली?"

"गावाला."

"कुणाला इचारून?"

मी फ्लेक्सकडे बोट केलं. आत्याला सुई ओवता यायची नाही, पण लांबचं लख्ख दिसायचं. तिने कपाळावर हात धरला. बराच वेळ बघितलं.

"ती शांता," ती म्हणाली. "ती सखूमावशी. अगं बाई. ती मंदा, तिची जाव... आन ती कोन गं, मान वाकडी करून?"

आत्याचा कपाळावरचा हात खाली आला आणि मानेवर, डाव्या बाजूला थांबला.

"मीच की," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "लय दमल्यावानी दिसतीय." आणि आणखी जरा वेळाने, "दिसू दे. दमतेच की."

शिडी फ्लेक्सला लागली. मी आत्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तिने कठड्यावरून वाकून जी हाक मारली ती अख्ख्या स्टेशनाने ऐकली. "संपत, हात लावू नगंस. शिडी खाली घे. आन सगळ्यास्नी हितं वर धाड." संपतभाऊ वर बघतच राहिले. आधी शांताबाई आल्या, गुडघे धरत, मग एकामागून एक बाकीच्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोर. पूल बायकांनी भरला. "अगं माझं नाक बग, हितनं बी केवढं दिसतंय." "मी बरी दिसती, न्हाई?" दोघी जावा एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या ते लक्षात नव्हतं. संपतभाऊ म्हणाले, "गाडीतनं जानाऱ्यांना बी दिसंल ह्ये. राहू दे ह्योच." मी या सगळ्यांच्या मागे, दुसऱ्या कठड्याला टेकून, बॅग खांद्यावर घेऊन उभी होते. मला आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगायचा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "आन आमची संगी कुटंय ह्यात?"

सगळ्या शोधायला लागल्या. "ती असंल, निळ्या कपड्यातली." "ती मंदाच्या घरापुढची." "मग ती कडंची?" "ती मी हाय की गं." बोटं या ओळीवरून त्या ओळीवर फिरत होती. मी स्वतःला काढलंच नव्हतं. राहून गेलं असंही नाही, ते माझ्या मनातच आलं नव्हतं. घरटी एक बाई, आमच्या घराची आत्या, झालं. सगळ्या बायका माझ्याकडे पाठ करून मला त्या फ्लेक्सवर शोधत होत्या.

"मी न्हाई त्यात," मी म्हणाले. घराबाहेर, आमच्या बोलीत, कितीतरी महिन्यांनी. कुणी हसलं नाही.

आत्या वळली. बायकांमधून वाट काढत माझ्यापाशी आली. तिने माझ्या मुठीतलं तिकीट काढून घेतलं, खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावली. लोणावळ्याकडची गाडी आली, थांबली, आमच्या पायांखालून निघून गेली.

"मग कसलं गं," आत्या म्हणाली, "आपल्या घरातलं एक मानूस राह्यलं की."

ती पुढे झाली आणि बॅग सावरत पायऱ्या उतरायला लागली. मी तिच्या मागोमाग उतरले.